लाईन सोडते

मुंढव्याच्या पुलाच्या चढावर गाडीने अंग टाकलं. इंजिन चालू होतं, आवाजही नेहमीचाच होता, पण पुढे ओढ नव्हती. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता.

"काकू, परत त्येच," द्वारका म्हणाली. "पाय पार तळाला नेलाय, तरी बया हलंना."

द्वारका आमच्या व्हॅनची ड्रायव्हर. हडपसरच्या जुन्या गावठाणातली, चाळिशीची, रुंद हाताची बाई. एका संस्थेच्या अशा सहा व्हॅन किडनीच्या पेशंटांना घरून उचलून खराडीच्या डायलिसिस केंद्रात नेतात आणि परत आणून सोडतात. तीन नंबरच्या व्हॅनमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार मी आणि माझे यजमान श्यामसुंदर असायचो.

"घाई करू नकोस गं," हे म्हणाले. दोन शब्दांच्या मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागत होता. शनिवार-रविवारचं अंगात साठलेलं पाणी सोमवारी सकाळी छातीपर्यंत आलेलं असे. "नदीला पाणी चांगलं आहे. बघत बसू. एरवी या पुलावर कोण थांबू देतं!"

तेवढ्यात इंजिनही बंद पडलं. समोरच्या काचेवर चिकटवलेली सूचना मला पाठ झाली होती : गाडी बंद पडल्यास किल्लीला हात लावू नये, फोन करावा. द्वारकाने फोन केला. महिन्यातली ही तिसरी वेळ होती.

ज्ञानदेव वीस मिनिटांत आपल्या जुन्या स्कूटरवरून आले. साठीला टेकलेला, बारीक, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर असलेला माणूस. सहाही व्हॅनची वायरिंग आणि तपासणी त्यांच्याकडे. आत डोकावून त्यांनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. ॲक्सिलरेटर दाबला तर वाघासारखी गुरगुरली.

"पाहा ना जी," ज्ञानदेव अगदी बारीक आवाजात म्हणाले. "सकाळी तपासली तवा बरोबर. आता बी बरोबर. मधातच काहून असं होऊन रायलं?"

यवतमाळकडच्या दारव्ह्याहून पुण्यात येऊन त्यांना पस्तीस वर्षं झाली होती, पण बोली काही सुटली नव्हती. हडपसरला पंपामागे त्यांचं एका शटरचं दुकान. सुरुवातीला ते गाड्यांचे डायनॅमो आणि सेल्फ-स्टार्टर दुरुस्त करायचे. तेव्हा त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. दिवा लागला म्हणजे करंट आहे, नाही लागला म्हणजे नाही. ते मला एकदा म्हणाले होते, "ताई, तवा गाडी मुकी होती, हातानं समजायची. आता गाडीले विचारा लागते." विचारायला त्यांनी स्कॅनर घेतला होता. मोठ्या मोबाईलसारखा डबा. स्टीअरिंगच्या खाली सोळा भोकांचं एक सॉकेट असतं, त्यात त्याची पिन खोचायची. मग गाडी आपलं दुखणं आकड्यांत सांगते. ज्ञानदेवांचं शिक्षण सातवीपर्यंत. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण चारशे-साडेचारशे आकडे त्यांनी पाढ्यांसारखे पाठ केले होते. पन्नाशीनंतर! मला त्या गोष्टीचं फार कौतुक वाटायचं.

केंद्राचा व्यवस्थापक केयूर फोनवर आला. द्वारकाने फोन स्पीकरवर टाकला होता.

"ज्ञानदेवकाका, आपण गाडी सकाळी तपासली होती, की नुसती ओवाळली होती?"

"तपासली ना जी. दुसरं सेन्सर बी नवीन टाकलं."

"म्हणजे आपण तपासलेली गाडीच बंद पडते. न तपासलेली पडली असती तर मला आनंद झाला असता." मग त्याचा आवाज बदलला. "हे बघा, आत माणसं आहेत, बटाटे नाहीत. उशीर झाला तर त्यांच्या जिवावर बेततं. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर सगळ्या व्हॅन मी दुसऱ्या वर्कशॉपला देतो. राग मानू नका."

ज्ञानदेवांनी राग मानला नाही. ते पुलाच्या कठड्याला टेकून स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले.

"सर," ते ह्यांना म्हणाले, "माझ्या हातानंच चालू होते आन् माझा हात लागल्यावरच बंद पडते. हात चुकत असंल तं मी हत्यार खाली ठेवतो. परवा खंडेनवमी हाय. पूजेत मांडीन, ते उचलणारच नाही."

ह्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. ते म्हणाले, "उत्तर चुकलं म्हणून हात कापून टाकणारा विद्यार्थी मी पाहिला नाही. आधी पायरी शोधा." आणि मग मला म्हणाले, "अगं, ते परत एकदा वायरी बघतील तोवर त्यांना तुझी सोलापूरची गोष्ट सांग."

सोलापूरची गोष्ट म्हणजे माझ्या नोकरीची गोष्ट. एकवीस वर्षांची असताना मी टेलिफोन खात्यात लागले, ट्रंक बोर्डावर. परगावी फोन करायचा तर तो आमच्या हातून जायचा. लांबलचक बोर्ड, त्यावर शेकडो भोकं, समोर आम्ही चौदाजणी. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड. सोलापूरच्या भोकात प्लग घालायचा आणि म्हणायचं, "सोलापूर, पुणे बोलतेय." आमच्यापैकी कोणीही बोललं तरी नाव एकच, पुणे. आमची नावं त्या तारेवर जात नसत. आणि बोलणं संपलं की प्लग ओढण्याआधी म्हणायचं, "सोलापूर, लाईन सोडते."

"न म्हणता ओढला तं?" ज्ञानदेवांनी विचारलं.

"एरवी काही नाही. पलीकडची बाई चार क्षण वाट बघायची, शांतता दिसली की समजून जायची. पण एकदा मी न सांगताच प्लग ओढला, आणि नेमकी त्याच वेळी शेजारची कुसुम चुकून त्याच लाईनवर बोलत होती. सोलापूरच्या बाईला कानात 'पुणे, पुणे' ऐकू येतच राहिलं. तिला वाटलं मीच आहे. अर्धा तास तिने ती लाईन माझ्यासाठी धरून ठेवली, दुसऱ्या कोणाला दिली नाही. मेमो मला मिळाला."

ज्ञानदेव हसले. त्या दिवशी ते तेवढंच हसले. व्हॅन सुरळीत निघाली आणि केंद्रावर पोचायला आम्हाला पाऊण तास उशीर झाला. ह्यांच्या नखांवर निळसर झाक आलेली पाहून नर्सने खुर्ची पुढे ओढली.

बुधवारी खंडेनवमी. सहाही गाड्यांना झेंडूचे हार होते. द्वारकाने स्टीअरिंगला हळदकुंकू लावलं होतं, ह्यांनाही लावायला निघाली होती. "मी अजून यंत्र झालो नाही," हे म्हणाले, "पण तीन तासांनी विचार."

ज्ञानदेवांनी त्या दिवशी कुठलीच गाडी तपासली नाही. खंडेनवमीला त्यांचं एकही हत्यार पूजेवरून उठत नाही, हे गेली पस्तीस वर्षं चाललेलं. गाड्या तशाच निघाल्या. मी पुलावर श्वास रोखून बसले होते. तीन नंबरने पूल असा ओलांडला की मागचा टेम्पोवाला दिसेनासा झाला.

परत येताना आम्ही प्रसादाला ज्ञानदेवांच्या दुकानाशी थांबलो. हे थकून व्हॅनमध्येच बसले होते, म्हणून त्यांचा पेढा ज्ञानदेवांनी कागदात बांधून माझ्याजवळ दिला. शटरच्या आत लाल कापडावर सगळं मांडलं होतं : पाने, पक्कड, सोल्डरिंग गन, पस्तीस वर्षांपूर्वीचा तो बल्ब, आणि मधोमध स्कॅनर, त्याच्या काळ्या पडद्यावर एक झेंडूचं फूल. केयूरही आला होता. बोलायला कडू, पण प्रसाद चुकवणारा नव्हे. त्याने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "काका, सहा गाड्या, अठरा फेऱ्या, एक तक्रार नाही. आपली हत्यारं झोपली की आमच्या गाड्या जाग्या होतात म्हणायच्या!"

ज्ञानदेवांच्या बायकोचा, कौशल्याबाईंचा, चेहरा उतरला. पण ज्ञानदेवांची नजर स्कॅनरवर गेली आणि तिथेच राहिली. पिनेला जोडलेली एक वायर कापडावर गुंडाळून ठेवलेली होती. एका टोकाला एक तोंड, दुसऱ्या टोकाला दोन.

"ताई," ते म्हणाले, "ती तुमची सोलापूरची बाई... तिले वाटलं तुम्ही गेल्याच नाही?"

"हो."

"काहून का दुसरं कोणी तुमच्याच नावानं बोलून रायलं होतं."

"हो. का हो?"

ते स्कॅनरकडे हात नेता नेता थांबले. फूल पडद्यावर होतं. "उद्यापर्यंत हात नाही लावता येत ना जी," एवढंच म्हणाले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. बिघाडाचं कारण समोर हातभर अंतरावर आहे, आपलं नाव त्यावर टांगलेलं आहे, आणि तरी माणूस फुलाचा मान राखून उद्याची वाट बघतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शुक्रवारी हे आत खुर्चीवर होते, त्यांचं रक्त त्या यंत्रातून फिरून परत येत होतं, आणि मी केंद्राच्या अंगणात होते. ज्ञानदेवांनी खराडीच्याच एका कंपनीतल्या मुलीला बोलावलं होतं. स्पृहा तिचं नाव. व्हॅनमध्ये बसवलेले ट्रॅकर तिच्या कंपनीचे. हा ट्रॅकर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, हे ती केयूरच्या फोनवर कळवत राहते. मागे एका ड्रायव्हरने व्हॅन मेहुण्याच्या लग्नाचं वऱ्हाड न्यायला वापरली होती, तेव्हापासून केयूरने ट्रॅकर बसवले आणि नियम केला : ट्रॅकर कधीही, कोणीही काढायचा नाही. काढला की त्याच्या फोनवर भोंगा वाजायचा.

आता अडचण अशी की ट्रॅकरही त्याच सोळा भोकांच्या सॉकेटात बसतो आणि स्कॅनरलाही तेच लागतं. ज्ञानदेवांनी नियम मोडला नाही. बुधवार पेठेतून सामान आणून त्यांनी स्वतः ती दुतोंडी वायर बनवली, म्हणजे दोघंही एकाच वेळी बसतील. त्या वायरीचा त्यांना अभिमान होता. सोल्डरिंग इतकं सुबक की दागिना वाटावा.

"केयूर सर, पाहा आता," ते म्हणाले. गाडी चालू केली. दुतोंडी वायर लावली. एका तोंडाला ट्रॅकर, दुसऱ्याला स्कॅनर. रोज सकाळी करतात ती तपासणी केली. मग रोजच्यासारखीच स्कॅनरची पिन ओढून काढली. "द्वारके, दाब."

द्वारकाने पाय दाबला. इंजिन कण्हलं, वर चढेना. अगदी पुलावरचा आवाज.

"आता बंद नको करू. तशीच दाबून ठेव." ज्ञानदेवांनी खाली वाकून ट्रॅकरही उपटला. केयूरच्या खिशात भोंगा वाजला.

"तीन नंबरची गाडी चोरीला गेली," केयूर फोन बघून म्हणाला. गाडी त्याच्यापासून दोन फुटांवर उभी होती. "अभिनंदन."

"मोजा," ज्ञानदेव म्हणाले. आम्ही सगळे मोजायला लागलो. एक. दोन. तीन. चार. पाच.

आणि कोणी हात लावलेला नसताना, द्वारकाचा पाय जिथे होता तिथेच असताना, इंजिनाचा गळा मोकळा झाला. आवाज असा वर चढला की अंगणातली कबुतरं उडाली. मी त्या दिवशी जे पाहिलं ते देवळात पाहिलं असतं तर त्याला चमत्कार म्हटलं असतं.

"गाडीले वाटून रायलं होतं का मी अजून आतच हाय," ज्ञानदेव म्हणाले. "मिस्त्री तपासते तवा ती जपून चालते, जोर करत नाही. मी निघून जातो, पन ही डबी विचारतच राहाते. तिले वाटते, मिस्त्रीच विचारते. थांबते बिचारी माझ्यासाठी. ज्या दिवशी तपासून बंद न करता तशीच निघते, त्याच दिवशी अडते. किल्ली फिरवली का मग विसरते. म्हणून पुलावर मले कधी काही सापडलंच नाही."

स्पृहाने बोनेटवर लॅपटॉप उघडला आणि गाडीला जोडला. पडद्यावर आकड्यांच्या ओळी धो धो वाहायला लागल्या. वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने.

"काकांचं एकदम करेक्ट आहे," ती म्हणाली. "काकू, हे बघा. गाडीत बरेच छोटे छोटे कॉम्प्युटर असतात. इंजिनाचा, ब्रेकचा, दरवाजांचा. ते सगळे दोनच वायरींवर बोलतात. वेणीसारख्या पीळ घातलेल्या दोन वायरी."

"सगळे एकाच तारेवर?" मी विचारलं. "मग गोंधळ होत नाही?"

"नाही ना, तीच तर मजा आहे! प्रत्येक जण बोलायच्या आधी ऐकतो. दोघं अगदी एकाच क्षणी बोलायला लागले, तर ज्याचं काम जास्त महत्त्वाचं त्याचं चालू राहतं. दुसरा आपणहून गप्प होतो आणि नंतर बोलतो. आणि ॲक्च्युअली पहिल्याचं एक अक्षरसुद्धा खराब होत नाही."

मी खुर्ची मागवली आणि बसले. आम्ही चौदाजणी होतो, सगळ्या शिकलेल्या, सगळ्यांना ताकीद दिलेली, वर सुपरवायझर बाई पाठीमागे फिरत्या. तरी एकमेकींच्या बोलण्यात पाय घालायचोच. आणि इथे एका व्हॅनच्या पोटात सेकंदाला हजारो बोलणी, आणि कोणी कोणाला तोडत नाही.

"कोणी बसवलं हे?" मी विचारलं.

"खूप जुनं आहे काकू. चाळीस वर्षं झाली असतील."

चाळीस वर्षांपूर्वी मी बोर्डावर बसून "हॅलो सोलापूर" करत घसा बसवत होते. त्याच वेळी जगात कुठेतरी कोणीतरी यंत्रांना हे वळण लावत होतं. मला हे आजवर माहीतही नव्हतं.

"मग एवढं शिस्तीचं असताना बिघडलं का?" केयूरने विचारलं.

"कारण हे दोघं बाहेरचे आहेत. गाडीच्या लेखी बाहेरून विचारणाऱ्याचं नाव एकच. स्कॅनर असो की ट्रॅकर, इंजिनाला सेम टू सेम. त्यामुळे एकाचं उत्तर दुसरा उचलतो. काकांना मधूनच चुकीचे आकडे दिसले असतील."

"उणे चाळीस टेंपरेचर," ज्ञानदेव म्हणाले. "म्या दोन सेन्सर बदलले. चांगले होते बिचारे."

मला आमच्या घरचीच गंमत आठवली. हे श्या. परांजपे आणि मीही श्या. परांजपे, कारण लग्नात माझं जया बदलून ह्यांच्या नावाला जुळणारं श्यामला केलं होतं. एकदा लॅबमधून माझा रक्ताचा रिपोर्ट ह्यांच्या नावावर आला आणि ते दोन दिवस किडनी बरी झाल्याच्या आनंदात होते. मी तो रिपोर्ट त्यांच्या हातातून काढून घ्यायचं आणखी एक दिवस लांबवलं होतं.

"आणि दुसरं म्हणजे," स्पृहाने स्कॅनर हातात घेतला, "काका, तुम्ही पिन काढायच्या आधी हे बटण दाबत नाही का? एक्झिट?"

ज्ञानदेवांनी पडद्यावरचं ते अक्षर पाहिलं. ते त्यांच्या चारशे आकड्यांत नव्हतं. "त्याचं काय काम?"

"गाडीला सांगायचं, मी चाललो. ट्रॅकर नसता तर न सांगून चाललं असतं. पाच सेकंद शांतता झाली की ती समजते. पण ट्रॅकर शांतता होऊच देत नाही ना."

ज्ञानदेव माझ्याकडे वळले. लाईन सोडते, एवढेच दोन शब्द पस्तीस वर्षांच्या कारागिराला कोणी सांगितले नव्हते, कारण ते दुसऱ्या भाषेत लिहिलेले होते.

केयूर पायाने खडा उडवत राहिला. मग म्हणाला, "ट्रॅकर काढायचा नाही हा नियम माझा होता, काका."

त्याने वाट काढून दिली होती. ज्ञानदेवांनी त्या वाटेने जायला हवं होतं. दुसरा कोणीही गेला असता.

"नियम तुमचा असंल जी," ते म्हणाले, "पन वायर माझी हाय. दोघाईले एका जागी म्या बसवलं. सर पुलावर गुदमरले ते माझ्या वायरीनं." त्यांनी पक्कड घेतली आणि ती दुतोंडी वायर बरोबर फाट्यावर कापली. मग पक्कड द्वारकाच्या सीटवर ठेवून दोन पावलं मागे सरकले. हत्यार खाली ठेवतो म्हणाले होते, ते हेच, हे मला उशिरा कळलं.

मी आत गेले. ह्यांना सगळं सांगितलं. यंत्राला जोडलेला हात न हलवता ते म्हणाले, "त्यांना सांग, हात नाही चुकला, वायर चुकली. ती ठेवली ना खाली? मग पक्कड उचला म्हणावं. मला एक वाजता घरी जायचंय आणि मी दुसऱ्या कोणी तपासलेल्या गाडीत बसणार नाही."

निरोप मी शब्दशः पोचवला. ज्ञानदेवांनी पक्कड उचलली, ती कपाळाला लावली आणि खिशात टाकली. केयूर म्हणाला, "चला, गाडी चोरीतून परत मिळवा."

पण एक प्रश्न उरला होता. आता तपासताना ट्रॅकर काढायचा, आणि मग लावायला विसरलं तर? सोमवारी मी घरून एक वस्तू घेऊन गेले. आमच्या बोर्डावर एखादी लाईन दुरुस्तीला असली की तिच्या भोकात लाल खुंटी बसवत. म्हणजे इथे कोणी प्लग घालू नका. हाताने जोडायचं बंद होऊन बोर्ड उचलला गेला, त्या दिवशी तसली एक खुंटी मी पर्समध्ये टाकली होती. चोरीच म्हणायची. तिला सुतळी बांधून मी ज्ञानदेवांना दिली. ट्रॅकर काढला की खुंटी स्टीअरिंगला. खुंटी उतरवायची ती ट्रॅकर परत बसवूनच. "ही टांगलेली असताना गाडी हलली तर माझ्याशी गाठ हाय," द्वारकाने सगळ्या ड्रायव्हरांना सांगून टाकलं. त्यानंतर मुंढव्याच्या पुलावर आमची गाडी कधी थांबली नाही.

स्पृहाने मला त्या शुक्रवारी एक विचारलं होतं. "काकू, लाईनवर आधीच कोणी आहे हे तुम्हाला कसं कळायचं?" मी सांगितलं, प्लगचं टोक नुसतं कडेला टेकवायचं. लाईन गुंतलेली असेल तर कानात खट् असं वाजायचं. मग मागे सरायचं. तिने ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. उन्हाळ्यात नवीन ट्रॅकर आले, पाठीवर स्कॅनरसाठी वेगळं सॉकेट असलेले. ते आधी ऐकतात. दुसरं कोणी विचारतंय असं कानावर आलं की आपणहून गप्प होतात, आणि तो गेला की मगच बोलतात. आता ट्रॅकर काढावा लागत नाही. खुंटी टांगायलाही लागत नाही.

तोपर्यंत हे राहिले नव्हते. फेब्रुवारीत गेले, शनिवारी, घरीच, सकाळचा चहा समोर असताना. सोमवारी केंद्राला कळवायचं माझ्या लक्षात राहिलं नाही आणि द्वारका वेळेवर खाली येऊन उभी राहिली. मी गॅलरीतून हात हलवला. ती समजली. हॉर्न न वाजवता गेली.

यंदाच्या खंडेनवमीला मी रिक्षा करून हडपसरला ज्ञानदेवांच्या दुकानी गेले. कौशल्याबाईंनी खुर्ची दिली. लाल कापड तेच होतं. पाने, पक्कड, सोल्डरिंग गन, तो म्हातारा बल्ब, फूल ठेवलेला स्कॅनर. स्कॅनरच्या शेजारी माझी खुंटी, सुतळीसकट, हळदकुंकू लावलेली. आणि तिच्या पलीकडे ती दुतोंडी वायर, फाट्यावर कापलेली, दोन तुकडे शेजारी शेजारी नीट सरळ करून ठेवलेले. त्यांच्यावरही एक एक फूल होतं.

"ही कशाला हो?" मी विचारलं.

"चुकली तरी माझ्याच हातची हाय ना जी," ज्ञानदेव म्हणाले.

बाहेर एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं आणि हॉर्न वाजवायला लागलं. ज्ञानदेव दारापर्यंत गेले. "आज नाही," त्यांनी सांगितलं, "आज हत्यारं बसली हायत." परत येऊन त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला, आणि एक दुसरा पेढा कागदात बांधून दिला. दोन कशाला, हे मी विचारलं नाही. गेल्या वर्षीही दोनच दिले होते.